खडूचा खर्च

स्कूटरला किक मारणं लोकांनी कधी सोडलं
याची तारीख कुठे नोंदलेली नाही.
आम्हाला ती हप्त्याहप्त्यानं कळली.
आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी,
मग किकच्या तयार दांड्यांच्या क्रेटमध्ये
एक मांजर व्यालं
आणि महिनाभर ते क्रेट
कुणाला हलवावंसुद्धा लागलं नाही.

मी तेवीस स्लाइड केल्या होत्या.
उद्दिष्ट, टप्पे, बाणातून निघणारे बाण.
कँटीनच्या भिंतीवर तो उजेड पडला
तेव्हा समोर एकोणचाळीस माणसं,
मांडीवर तेलकट हात,
हवेत कुणाच्या तरी डब्यातला ठेचा.
प्रेसवरचे अंबादास सोनकांबळे अगदी अदबीनं म्हणाले,
"मॅडम, ह्यात आम्ही कुठं उभं राहायचं?"

मी पुढची स्लाइड लावली.
तिच्यातही ते नव्हतं.

गुरुवारी वीज नसते, भोसरी गप्प असते.
त्या गुरुवारी लांडेवाडीतून खडूची पेटी घेतली
आणि रिकाम्या शेडमध्ये ओणवी होऊन
रेषा मारत सुटले.
इथे प्रेस, इथे ड्रिल, इथून माल बाहेर.
रेषा वाकडी जात होती.
दारात दस्तगीर मणेर उभे,
कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, लग्नाला निघालेले.
किती वेळ बघत होते कोण जाणे.
टूलरूममधून सुतळी आणली,
एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं धरून गुडघ्यावर बसले.
शर्टाचं काय झालं, मी विचारलं नाही.

शुक्रवारी सगळ्यांना खडू.
नियम एकच: दुसऱ्याची रेघ पुसण्याआधी
त्याला विचारायचं.
दुपारपर्यंत नुसती भांडणं.
पॅकिंगच्या कौसल्या बोऱ्हाडेंनी मशीन काढलंच नाही,
सरळ भिंतीवर खिडकी काढली.
"सतरा वर्षं झाली, ट्रक आला की
आवाजावरून ओळखते. एकदा बघायचाय."

दस्तगीरभाईंनी एक दांडा उचलला.
टोकाचं पायटं दुमडलं, उघडलं. पुन्हा दुमडलं.
"किक गेली तर जाऊ द्या.
हा सांधा आपल्याला येतो.
सांधा कुठं कुठं लागतो ते बोला."
कुणी बोलेना. पंखा फिरत राहिला.
मग अंबादास, मान खाली घालूनच:
"आईच्या चाकाच्या खुर्चीचं पायटं
असंच असतंय.
तुटलंय. सुतळीनं बांधलंय."

टाळ्या वगैरे नाही झाल्या.
फक्त सगळे जरा पुढे सरकून बसले,
आणि मीही.

सोमवारी येऊन पाहते तर
माझ्या निम्म्या रेषा पुसलेल्या.
ओरडणार होते.
मग दिसलं, पुसलंय ते पायांनीच:
ड्रिलकडून पाण्याच्या माठाकडे,
माठाकडून तिरपं गेटकडे,
एक मळकट वाट, कुणी न आखलेली,
सगळ्यांनी मिळून चाललेली.
प्रेस सहा फूट डावीकडे सरकवला.

पहिल्या लॉटचे दोनशे दहा नग परत आले.
लेप निघत होता, बिजागरी कुरकुरत होती.
रिजेक्शनच्या वहीत कारणाच्या रकान्यात
मी "घाई" लिहिलं, खाली माझी सही केली.
वही दिवसभर उघडीच ठेवली.
येता-जाता लोक वाचत होते.
संध्याकाळी त्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं
बुशचं नवं माप लिहून गेलं होतं.

खिडकी पडली, पण दीड फुटाचीच.
कौसल्याताई म्हणतात, ट्रक अर्धा दिसतो.
तिसरी पाळी अजून सुरू नाही.
दोघं जण सोडून गेले, त्यांना माझं पटलं नाही,
आणि त्यातल्या एकाचं बरोबरही असेल.

खंडेनवमीला प्रेसवर झेंडू वाहिला
आणि कुणीतरी, मला न सांगता,
खडूच्या पेटीलाही हळदकुंकू लावलं.

दर महिन्याला चार पेट्या लागतात.
हिशेबाचे खेडेकर चष्म्यावरून विचारतात,
हा खर्च कुठल्या खात्यावर टाकू?
तूर्त "दुरुस्ती" लिहा, म्हटलं.
पेन्सिलीनं.